दादाचे ओरखडे

४ मार्च
आज पुन्हा! एवढं महागडं घड्याळ, दादाने त्याच्या स्टीलवर वेल कोरली आणि शेवटच्या पानाच्या डावीकडे ओरखडा. केसाएवढा. कोरणी पानाच्या टोकाशी थांबायला हवी, ती पुढे घसरलेली. घसरली तर घसरली — सांगावं तरी! पण नाही. "जरा हात फिरव," म्हणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेला चहा प्यायला.

ओरखडा नुसता घासून जात नाही. भोवतीचं सगळं स्टील तेवढंच खाली आणावं लागतं, तेही पानाची कड न मारता. मऊ कापडी बफ लावून पॉलिश केलं की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. म्हणून लाकडी चकती, पेस्टचा ठिपका आणि अख्खी दुपार. दोन वर्षं मी हे निमूट करतोय. त्याला पक्कं ठाऊक आहे, धाकटा निस्तरेल. शाळेत त्याच्या वह्यांना कव्हरंही मीच घालायचो.

९ मार्च
मालकांनी गिऱ्हाइकासमोर दादाची पाठ थोपटली. "यांचा हात चुकत नाही!" आता मागच्या झाकणाच्या आत दादाचं नाव कोरायचं ठरलंय. मी म्हटलं, माझंही एखादं अक्षर? मालक म्हणाले, "अहो, भांडी घासणाऱ्याचं नाव कोणी ताटावर घालतं का?"

दादाही हसला. त्याने हसायला नको होतं.

१० मार्च
आई फोनवर — "दादासारखं लक्ष घालून काम कर रे." आयत्या बिळावर नागोबा, आणि कौतुकही त्याचंच!

१६ मार्च
दादाने माझी पाण्याची बादली लाथेने उलटवली. रोजच्याच जागी होती, त्याच्या डावीकडे. वर मलाच — "वाटेत कशाला ठेवतोस?" नाव कोरायचं ठरल्यापासून पाय जमिनीवर नाहीत, बादली कुठून दिसणार!

संध्याकाळी तर कहर. "तुझ्या कडा हल्ली पुसट येतात." माझ्या कडा! नख लावलं तर अडकतं. चोराच्या उलट्या बोंबा.

२१ मार्च
नवीन घड्याळ. तीन ओरखडे, तिन्ही डावीकडे. या वेळी नाही काढले. वरून आरशासारखं पॉलिश केलं — ओरखडे आणखीच उठून दिसायला लागले. मजा आली. खोटं कशाला लिहू?

२३ मार्च
मालकांनी ओरखडे पाहिले. दादाला बोलावलं. सगळे कारागीर मान खाली घालून ऐकत होते. दादा नेहमीसारखं डाव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळ उलटसुलट करत राहिला. "कुठेय ओरखडा? मला तर काही दिसत नाही." कोडगेपणाची कमाल! मालक भडकले — "आधी डोळे दाखवून या, मग कोरणी हातात धरा!"

रात्री दादा जेवला नाही. वहिनी म्हणाली, "भावोजी, उद्या तुम्हीच यांना डॉक्टरकडे न्या." म्हटलं, नेतो. नाटक कुठवर चालतं ते बघू.

२४ मार्च
काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्यालाही सुरुवात आहे. हळूहळू जातो, माणसाला स्वतःला कळत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असतात तर वाचली असती.

"एवढं बारीक काम करता — चुका नाही झाल्या कधी?"

"छे! एकही नाही," दादा म्हणाला. "हवं तर ह्याला विचारा. माझं प्रत्येक घड्याळ ह्याच्याच हाताखालून जातं."