बाटलीवरचं अक्षर

ता. ४

चि. ताई,

अनेक आशीर्वाद. फोनवर मला रडू फुटतं नि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितो. परवा सकाळी तुझ्या आईचं डोकं फडताळाच्या कोपऱ्यावर आपटलं. टेंगूळसुद्धा नव्हतं. मी दवाखान्याचा धोशा लावला, तर म्हणाली, मुंगी चावली तरी तुम्ही दवाखाना गाठाल. दुपारी तिची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी घेतात का? मी ठासून सांगितलं, नाही. तिच्या गोळ्यांची बाटली मी बरोबर नेली होती. चौथीच शिकलो, पण वाचता येतं मला. 'हाडांसाठी' असं लिहिलंय. दोन तासांनी तपासणीत निघालं की तीच ती गोळी. तोवर मेंदूत रक्त साठत राहिलं, उतारा उशिरा मिळाला. ऑपरेशन झालं. अजून शुद्ध नाही.

बाटलीवरचं अक्षर तुझं आहे. काय ते कळव.

बाबा

ता. ७

ती. बाबांना शि. सा. न.

अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असताना आईच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी सुरू झाली. तुम्हाला कळलं तर हातात सुरीसुद्धा धरू देणार नाहीत, म्हणून 'हाडांसाठी' असं लिहायची तिनेच गळ घातली. माझ्या साध्या तापात तुम्ही माझ्या नाकाशी आरसा धरून बसायचात, बाबा. दादाला आणि मावशीलाही ठाऊक होतं. डोक्याला लागलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, हे मी आईला बजावलं होतं.

एक विनंती. शुद्धीवर आल्यावर तुमचं ते 'नाही' तिला सांगू नका. ती स्वतःला दोष देत बसेल. मला हवं तेवढं रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमचीच,
ताई

ता. ११

चि. ताई,

आशीर्वाद आहेतच, राग आला म्हणून ते थांबत नाहीत. दादाला माहीत, मावशीला माहीत. रोज ती गोळी तिच्या हातावर ठेवणाऱ्या मला तेवढं नाही. मी घाबरट आहे, कबूल. पण गोळी कसली ते माहीत असतं तर या घाबरटाने तिला त्याच सकाळी उचलून नेलं असतं. ती जाणत होती, आणि वर तिने माझीच थट्टा केली.

काल तिला शुद्ध आली. बोलता येत नाही, समजतं सगळं. मी तिला सांगितलं, माझ्या 'नाही'सकट. आता लपवणाऱ्यांत मला ओढू नका. तिने डावा हात पुढे केला. मी धरला, पण जरा वेळाने. तो वेळ तिला जाणवला. जाणवावा, असंच मला वाटत होतं.

लोभ आहे. विश्वासाचं मागाहून बघू.

बाबा