अकरा हजार दाखले

प्रिय धाकट्या,

तुझ्या सत्काराचं निमंत्रण मिळालं. जाड कागद, वर तुझा फोटो आणि खाली आकडेच आकडे. दोनशे बारा शोधनिबंध, एकतीस हजार सायटेशन, आणि एच-इंडेक्स तर असा ठळक छापलाय, जणू परीक्षेतले मार्कच! आईने विचारलं, सायटेशन म्हणजे काय गं? म्हटलं, दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुझ्या लेकाचा दाखला दिला की एक धरायचं. तेव्हापासून ती शेजारणींना सांगत सुटली आहे की एकतीस हजार लोक त्याला खरं मानतात. तुझ्या बाबतीत गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

त्यातले अकरा हजार एकट्या त्या एका निबंधाचे. यकृतात व्रण वाढवणाऱ्या पेशी तुझ्या औषधाने मरतात, असं सांगणारा. त्या पेशी वाढवल्या मी. तू आमच्या प्रयोगशाळेत नुकताच लागला होतास, मी सात वर्षांची जुनी टेक्निशियन, आणि साहेबांकडे तुझ्यासाठी शब्द टाकला होता तोही मीच. आमच्या कामाचा एक साधा नियम आहे. एका जातीच्या पेशींना लावलेली पोषणद्रवाची बाटली दुसऱ्या जातीला लावायची नाही. त्या आठवड्यात तू माझ्या डोक्यावर बसला होतास. ताई, आजच हवं, ताई, परिषद तोंडावर आलीय. मी कॅन्सरच्या गाठीच्या पेशींची बाटली उचलली आणि तीच यकृताच्या पेशींना लावली. गाठीची एक पेशी गेली तरी पुरते. पाहुणी म्हणून येते आणि दोन महिन्यांत घर बळकावते. निबंधातले तुझे बरेचसे प्रयोग त्यानंतरचे.

निबंध छापून आला, तुझं नाव झालं, आणि सात महिन्यांनी संस्थेने सगळ्या पेशींची ओळखतपासणी सक्तीची केली. अहवाल माझ्या हातात पडला. तू मारून दाखवलेल्या पेशींत यकृताची एकही नव्हती. तो कागद घेऊन मी तुझ्या खोलीत आले, तू दार लावलंस आणि मला खुर्ची दिलीस. चूक तुझ्या हातची आहे ताई, म्हणालास, बाहेर कळलं तर नोकरी तुझी जाईल, मी तुला सांभाळून घेतोय. आणि मी मूर्खासारखे तुझे आभार मानले! त्या आभारांची मला आजही लाज वाटते. अहवाल तू खणात टाकलास. त्याची एक प्रत मी घरी नेली होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग तू प्राध्यापक झालास, विभागप्रमुख झालास. त्या निबंधाचे आणखी हजार दाखले भरले की प्रयोगशाळेत केक यायचा आणि सुरी माझ्या हातात द्यायचास. पाहुण्यांना सांगायचास, ही आमची ताई, हिच्या हाताला गुण आहे. सगळे हसायचे. मी तुकडे समान कापायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या द्यायचे. मोठ्या मोठ्या लोकांनी त्या निबंधावर स्वतःचे निबंध उभे केले, मुलांनी पदव्या मिळवल्या, आणि मला वाटायचं, कागदच आहेत, कागदाने कोण मरतंय? एवढा दोष माझाही आहे. तो मी तुझ्या गळ्यात घालत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मला यकृताचा आजार आहे. अकरा महिने झाले, आईलाही सांगितलेलं नाही. परवा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तुम्ही बसता त्यात. संमतीपत्र पुढे केलं आणि पडद्यावर मला तुझा निबंध दाखवला. म्हणाल्या, अकरा हजार जणांनी दाखला दिलाय, इतके लोक चुकतील का? मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी अहवालाची प्रत नेऊन दिली आणि माझी चूक माझ्याच अक्षरात, बाटलीसकट लिहून दिली. तू काय केलंस तेही लिहिलं. मासिकाच्या संपादकांनाही पाठवलं आहे. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि लगेच वरिष्ठांना फोन लावला. चाचणी थांबली. बाहेर बाकावर एक बसड्रायव्हर होता, लेकीला घेऊन आलेला. दोन महिने तो त्या चाचणीतल्या गोळ्या घेतोय, आधीचं औषध बंद करून. मी कोण ते कळल्यावर त्याने आवाज न चढवता विचारलं, मग ताई, माझं आता काय? मी त्याला तुझा पत्ता दिला आहे.

रक्ताने तरी तुझीच,
ताई