मागून कोरलेलं तळं

३ जानेवारी २००२
आलो बुवा रायपूरले! राजधानी झाल्यापासून इथं जो तो साहेब दाराच्या काचेवर मोर नाहीतर हरीण मागून राहिला. शंकर नगरात भैय्यालालचा कारखाना. वाळूचा मारा करून काचेवर चित्रं कोरायची. नागपुरात मी हेच करायचो. खोली बरी आहे. माझी बायको प्रेमला कितीक दिवसांनी हसली. वर्ष झालं, आमची पायल तिकडच्या कारखान्यामागं पाण्याच्या टाकीत बुडून गेली. सात वर्षांची पोट्टी. मी दहा पावलांवर काम करून राहिलो होतो, डोक्यावर वाळूपासून वाचायचा बंद टोप, हवेचा कंप्रेसर चालू. तिनं हाक मारली असेल, तरी मले कशी ऐकू येणार?

९ जानेवारी
एका बंगल्याच्या काचेवर कमळाचं तळं कोरायले घेतलं. काचेवर फिल्म चिकटवायची, ब्लेडनं चित्र कापायचं, उघड्या जागी वाळू मारायची. कोरतो मागून, जितकं खोल कोरावं, तितकं पुढून उठून दिसते. धुतल्याशिवाय पुढून पाहायचं नाही, असा भैय्यालालचा दंडक. पाळतो.

१२ जानेवारी
काच धुतली. कमळांत एक हात, लहानसा. मी कापला नव्हता, शपथ. करंगळी वाकडी, पायलची दारात चेंगरली होती तशीच. भैय्यालाल म्हणाला, भैया, बढ़िया है, रहने दो.

१५ जानेवारी
पुन्हा वाळू मारली. आता खांदा, वेणी. कंप्रेसर चालू केला की टोपात ‘बाबा’ ऐकू येते. बंद केला की काही नाही. म्हणजे त्या दिवशीही तिनं—
प्रेमलाले सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं विचारलं, चेहरा दिसला का? मग म्हणाली, चेहरा आणा हो, एकडाव पाहू द्या.

१७ जानेवारी
चेहरा आला. तोंड उघडं. हनुवटीपर्यंत पाणी. पाणी मी कोरलं नाही.

१८ जानेवारी
आज वाळू मारली नाही, तरी पाणी ओठांवर. आरपार कोरल्याशिवाय ती बाहेर कशी येईल? भैय्यालाल म्हणते, थांब, काच फुटेल. कसा थांबू? बाप आहे न मी.

१९ जानेवारी
नाकापर्यंत— भोक पडलं. कंप्रेसर बंद केला. टोप काढला. हाक थांबली नाही. म्हटलं, आलो बेटा— 
भोकातून पाणी येऊन राहिलं. थंडगार. करंगळी बाहेर—
डाव्या हातानं लिहितो. उजवा तिनं धरला. ओढून राहिली— प्रेमला, या खेपेस मी तिले सोडणार नाही—