चार बोटं माया

३ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खोकला कमी झाला का? शिवणयंत्रावर बसताना खिडकी लावून घेत जा. वहिनीला सांगणार होते, पण ती आधी मलाच ऐकवेल.

सोबत एका पायाचा फोटो आहे. संग्रहालयातलं माझं काम तुला ठाऊकच आहे: खडकातून हाडं सोडवायची, तुटलेली जोडायची. हा पाय दक्षिणेकडच्या खंडांवरच्या एका शिकारी डायनासोरचा. त्याचे उत्तरेकडचे चुलतभाऊ प्रसिद्ध. पायाला कोयत्यासारखी नखी, दातांना करवतीची धार. खंड दुरावले आणि हे घराणं आपल्या वळणाने गेलं. तोंड लांब, निमुळतं. दात बारीक, पुष्कळ, बिनधारेचे, बहुधा मासे पकडायला. खांदा असा, की काही जाणकारांच्या मते हात पंखासारखा उचलता यावा. वीस वर्षं बघते आहे, कौतुक ओसरत नाही.

आता खरं सांगते. नडगीचा मधला तुकडा मिळालाच नव्हता. उत्तरेकडच्यांची चित्रं समोर ठेवून मी तिथे चार बोटं प्लास्टर भरलं आणि वर रंग असा चढवला, की हाड कुठे संपतं ते कळू नये. परवा जुनी वही चाळली नसती, तर मलाही आठवलं नसतं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तीच नडगी मोजून लिहिलंय, की हेही उत्तरेकडच्यांसारखे आखूड पायांचेच. लेख महिनाअखेरीस छपाईला जाईल. त्याच सुमारास कार्यशाळेची किल्ली, म्हणजे तिथली प्रमुखाची जागा, माझ्याकडे यायची आहे.

अंदाज चुकणं हा काही गुन्हा नाही, असं मनाला समजावते. पण अंदाज प्रामाणिक होता, रंग नव्हता. काय करू?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
बगळी


९ मार्च

चि. बगळीस,
अनेक उ. आ.

खोकला बरा आहे. तुझं पत्र वहिनीने आधी वाचलं आणि खिडकीला खिळाच ठोकला.

फोटो कापडावर ठेवून पाहिला. डायनासोरांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण माप कळतं. पावलाची हाडं बघ, किती लांब, सडपातळ. अशा पावलांचं गिऱ्हाईक आलं, तर टेप लावण्याआधीच मी जास्त कापड काढतो. तुझी नडगी म्हणजे थोरल्याला धाकट्याची विजार. कापड कमी पडलं म्हणून गिऱ्हाईक आखूड होत नाही, बाई.

माप उसनं घेतलंस, ते समजतं. पण माया ठेवली नाहीस. शिवणीच्या आत जास्तीचं कापड आपण कशाला सोडतो? उद्या आपलंच माप चुकलेलं निघालं, तर उसवता यावं म्हणून. तू तर रफू असा केलास, की उसवायचं कुठे तेच दिसेना.

शाळेत लांब पायांवरून पोरं चिडवायची, तेव्हा माझ्याकडून झग्याची पट्टी खाली सोडून घ्यायचीस. बगळी हे नाव माझंच, पण मी ते चिडवायला ठेवलं नव्हतं. त्या बिचाऱ्याचे पाय तरी लपवू नकोस. किल्लीचं मी काय सांगू? माझ्या दुकानाचं कुलूपच धड लागत नाही.

तुझा,
दादा


२४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. बाईंनी वहीतलं ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हटलं, एका शिंप्याला. त्या हसल्या नाहीत. लेख त्यांनी मागे घेतला. किल्ली माझ्या सहकाऱ्याकडे गेली. मला सगळी कपाटं उघडून, माझं प्लास्टर कुठे कुठे आहे ते नोंदवायला सांगितलंय. वाईट वाटलं नाही असं लिहिलं, तर तो पुन्हा रंगच होईल.

मग दुपारभर बाईंनी आणि मी कापसाच्या बोळ्यांनी रंग उतरवला. प्लास्टर काढलं. नडगीची दोन टोकं पातळ सळईवर दूर सरकवली. पावलाच्या हिशोबाने माझ्या प्लास्टरपेक्षा आणखी निदान चार बोटं तरी हवीत. नक्की किती, ते पूर्ण नडगी सापडेल तेव्हा. तोवर मधली जागा मोकळीच ठेवली आहे. पाय टेबलावर उभा केला, तर बगळा पाण्यात थांबावा तसा दिसला. बाई मागे सरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, की सगळा लेख आपण बसून लिहिला, एकदाही उभं राहून याच्याकडे पाहिलं नाही.

कपाटांच्या कामाला नवा डगला लागेल. माप तुझ्याकडे आहेच, तरी शिवणीत आणि माझ्यावर, दोन्हीकडे माया जरा जास्तच असू दे.

तुझी लांब पायांची,
बगळी