एकच लांब बाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

घेतली! कलासंग्रहालयाने माझी बाही घेतली!

फोन आला तेव्हा तोंडात टाचण्या होत्या. हो म्हणायच्या ऐवजी नुसतं हुं हुं केलं. पलीकडच्या बाईंना वाटलं असेल, मुकी आहे. दादा कात्री थांबवून बघत होता. ‘कोण गं?’ – ‘गिऱ्हाईक.’ चक्क थाप मारली.

लोक बाह्या आखूड करायला येतात, कापलेला तुकडा दुकानातच राहतो. कुणी मागत नाही. इतक्या वर्षांचे तुकडे पिशवीत कोंबलेले होते, ते जोडून मी एकच बाही शिवली. जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडली तर खाली फरशीवर लोळते. दादा रोज विचारायचा, ‘मारुतीचं शेपूट संपलं का?’ आता ती शहरातल्या माणसांनी घरी केलेल्या वस्तूंच्या दालनात टांगणार!

बाईंनी विचारलं, पाटीवर नाव काय लावायचं? मी म्हटलं, नकोच. त्या म्हणाल्या, घाई करू नका. पुढच्या शुक्रवारी पाट्या कायमच्या होतील, तोवर सांगा.

५ फेब्रुवारी

हातून दोन बटणं उलटी लागली. लोक हसले तर? नाव लावलं आणि हसले, तर दुकानात बसून तोंड कुठे लपवायचं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! मैत्रिणींना घेऊन जायचं, सांगायचं मात्र काहीच नाही. चष्मेवाली आणि मास्तरीण – शाळेपासूनच्या. दोघींच्या जिभेला हाड नाही. त्या बाहीपुढे उभ्या राहून जे बोलतील ते खरं. टर उडवली तर पाटी कोरीच राहू दे. एकीने जरी बरं म्हटलं, तर नाव लावायचं. ठरलं.

मास्तरीण हो म्हणाली हेच नवल. नवरा गेल्यापासून ती शाळा सोडून कुठे पाऊल टाकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो! पोट दुखेपर्यंत हसलो. आधी ते लिहिते.

पहिल्याच खोलीत भिंतीएवढं धूसर चित्र. चष्मेवालीने (दिवसभर चष्म्याच्या दुकानात हेच करते ती) एक डोळा झाकला. ‘मायनस सहा. बिचाऱ्याला वेळेवर कुणी दाखवलंच नाही.’ पुढे भिंतीला उभी ठोकलेली खाट, उशीसकट. मास्तरीण म्हणाली, ‘आमच्या सातवीची पोरं अशीच झोपतात. उभ्या उभ्या.’ मग एक फ्रिज, दार सताड उघडं, आत फक्त एक चमचा. मी म्हटलं, महिनाअखेर. त्यावर चष्मेवाली बाकावर बसून डोळे पुसायला लागली.

मास्तरीण तर प्रत्येकाला मार्क देत सुटली. धूसर चित्राला दहापैकी दोन, खाटेला चार, ‘प्रयत्न केलाय म्हणून’. चमच्याला साडेपाच. कितीतरी दिवसांनी ती अशी रंगात आलेली बघितली. बरं वाटलं फार.

आणि मग बाही. छतापासून खाली सोडलेली, खालून दिवा. काय दिसत होती! माझ्याच हातची, तरी मीच बघत राहिले.

चष्मेवाली म्हणाली, ‘अगं बाई! हा साहेबांचा हात. टेबलाखालून पार गल्लीपर्यंत पोचतो.’ मग म्हणे, ‘एवढ्या बाहीत सर्दीचा अख्खा मोसम निघेल.’ शेजारची दोन अनोळखी माणसंही हसली. मीही हसले. खरंच हसू आलं, आणि लगेच रडूही. ते गिळलं.

मास्तरणीकडे बघितलं. ती पुढे सरकून एका निळ्या चौकटीच्या तुकड्याला हात लावत होती. रखवालदार ओरडला, ‘ताई, हात लावायचा नाही.’ ती मागे झाली. चष्मेवालीने विचारलं, ‘मार्क?’

‘चला, पाय दुखले माझे,’ म्हणाली.

फ्रिजमधल्या चमच्याला साडेपाच मिळाले. मला शून्यसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी

पाटी कोरीच राहू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाली दुकानात डोकावली, ‘कधी गं परत जायचं? त्या बाहीवर मला आणखी दोन सुचलेत.’ ऐकवले. दोन्ही चांगले होते मेले! हसले, राग आला, परत हसले. दादा म्हणतो, तुझं डोकं ठिकाणावर नाही.

पण बाई, लोक थांबत होते माझ्या बाहीपुढे. खाटेपुढे कुणी थांबत नव्हतं. हे मी बघितलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायला आले तर पायरीवर मास्तरीण.

‘तो निळ्या चौकटीचा तुकडा ह्यांच्या शर्टाचा आहे. हात आखूड होते ना त्यांचे, प्रत्येक नवा शर्ट आधी तुझ्याकडे यायचा.’

मला माहीतच नव्हतं. सगळे तुकडे एकाच पिशवीत, कुठला कुणाचा कोण लक्षात ठेवतं? दोघी तिथेच पायरीवर बसून रडलो. मग मी नाक पुसून विचारलंच, मार्क का नाही दिलेस?

म्हणाली, ‘नाव नसलेला पेपर मी तपासत नाही.’

संग्रहालयाच्या बाईंना फोन तिच्यासमोरच लावला.