डाव संपला तरी न उठणारा खेळाडू

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला? आम्ही सगळे बरे आहोत. माझी नोकरीही बरी चालली आहे, फक्त ती काय आहे हे घरात कुणाला समजावता येत नाही. (घरातली पहिली पदवीधर म्हणून मिक्सर बंद पडला तरी हाक मलाच येते.)

लोक ऑनलाइन ‘गो’ नावाचा पटावरचा खेळ खेळतात, ते संकेतस्थळ आम्ही चालवतो. एकाने काळ्या, दुसऱ्याने पांढऱ्या सोंगट्यांनी आपापली जागा वेढायची आणि वेढण्यासारखं काही उरलं नाही, की दोघांनी ‘पास’ म्हणायचं. पंच नाही, शिट्टी नाही; दोन माणसं आपणहून कबूल करतात की संपलं! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भारावून गेले होते. पण हरणारे काहीजण पास म्हणतच नाहीत. समोरचा कंटाळून निघून जाईल या आशेवर त्याच्या जागेत फुकटच्या सोंगट्या टाकत बसतात. हे थांबवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं, माणसं मुळात चांगली, त्यांना फक्त कळत नसेल. म्हणून मी पटाखाली नम्र सूचना लावली: ‘डाव संपल्यासारखा वाटतो. आपलं काय मत?’ लोकांनी मतं कळवली. एकीने तर सासूबद्दल सविस्तर लिहिलं. डाव मात्र एकही संपला नाही. साहेब म्हणाले, “ताई, कुलूप मागितलं होतं, तुम्ही पायपुसणं दिलंत.”

मग खरा नियम केला. एकाने पास म्हटलं असेल आणि निकालाबद्दल संगणकाला तिळमात्र शंका नसेल, तर डाव तिथेच संपवायचा आणि अडवणाऱ्याच्या नावापुढे तशी खूण करायची. संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल सांगतो, आणि मी आ वासून बघत राहते. पण त्याहून थक्क केलं ते ‘अढळ’ नावाच्या खेळाडूने. पटावर काही उरलेलं नाही, तरी हा रोज सकाळी एक सोंगटी टाकतोच. समोरचाही रोज संध्याकाळी शांतपणे पास म्हणतो, तक्रार एकदाही नाही! इतकी चिकाटी मी परीक्षेतसुद्धा दाखवली नव्हती. सोमवारी नियमाचं पहिलं प्रात्यक्षिक याच डावावर आहे, सगळ्या ऑफिससमोर, मोठ्या पडद्यावर.

तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. मामा, तो समोरचा खेळाडू म्हणजे आमची आई, हे मला काल कळलं. शिलाई मशीनला मोबाइल टेकवून खेळते. ‘अढळ’ कोण, तेही तिनेच सांगितलं. सोमवारच्या आत पास म्हणा ना! माझ्या पहिल्याच नियमात माझाच मामा सापडायला नको. आणि तुमचा डाव मी गुपचूप वगळणार नाही, हे तुम्ही जाणताच.

पुन्हा ता. क. आईने पत्र वाचलं आणि माझ्यावरच डाफरली. “तुला कुणी सांगितलं मध्ये पडायला? माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दादा रोज न चुकता माझी आठवण काढायला लागला तो या डावामुळेच!” मामा, एवढं शिकून मला हे दिसलंच नाही. तरी पास म्हणाच, आणि लगेच नवा डाव लावा. त्याला कुठलाच नियम आड येत नाही. आईचा निरोप तिच्याच शब्दांत देते: “म्हणावं, या वेळी काळ्या सोंगट्या तू घे. कच्च्या खेळाडूलाच देतात त्या.”