तीन न उघडलेली पाकिटं

मी, शेगड्या दुरुस्त करणारी, वय त्रेपन्न, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. याआधी असं काही लिहिलेलं नाही. शुक्रवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मरेन असं वाटत नाही, पण मरण काही विचारून येत नाही.

हा कागद मी गेल्यावर वाचायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी, मी समोर बसलेली असताना, मुलानं सूनबाईसमोर मोठ्यानं वाचायचा. मध्ये थांबायचं नाही.

कलम एक. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या मुलाला आणि सुनेला निम्म्या निम्म्या. कागदावर सुनेचं नाव आधी. "घर पुरुषाच्याच नावावर शोभतं," असं नणंद म्हणाली होती. तिला लोखंडी कपाट द्यावं. तिच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बँकेची सगळी पत्रं त्यातच लपवली होती. शोभतं का बघेल.

कलम दोन. हत्यारं सुनेला. बर्नरची भोकं साफ करायच्या सुया, नट आवळायचे दोन पाने, गळती शोधायचा साबणाचा ब्रश. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. छोटी पक्कड मात्र कुणाला द्यायची नाही, भंगारात घालायची. त्या पकडीनं नवरा रक्तदाबाच्या गोळ्या तोडायचा. रोज अर्धी.

सासूच्या आजारपणात त्यानं बँकेच्या कार्डावर सत्तर हजार उचलले. दर महिन्याला पत्र यायचं. त्यात दोन आकडे, एक मोठा, एक छोटा. छोटा म्हणजे हप्ता असं समजून हा तेवढाच भरायचा. चार वर्षांत एक तारीख चुकवली नाही आणि त्याचाच तोरा. मी विचारलं की म्हणायचा, "तुला नाही कळायचं त्यातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ मी तो गेल्यावर उघडली. एक लाख तीस हजार भरून झाले होते आणि सत्तरातले जेमतेम वीस फिटले होते. तो छोटा आकडा निघावा म्हणून गोळी अर्धी. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मी म्हणते, लाज.

कलम तीन. हे द्यायचं काही नाही, ऐकायचं आहे. बँकेत मी दोनदा गेले. कारकून आउटस्टँडिंग, मिनिमम ड्यू असलं काही बोलला आणि मी शहाण्यासारखी मान हलवून परत आले. त्या मानेची अजून चीड येते. तिसऱ्यांदा ठाण मांडून बसले.

"मला कळलं नाही. परत सांग."

मागून एकजण म्हणाला, "मावशी, आटपा की."

"तुला कळलं असेल तर तू सांग."

कारकुनानं चष्मा काढला. "मावशी, हंड्याला भोक आहे. तुम्ही वरून तांब्याभर ओतता आणि खालून जवळजवळ तेवढंच गळतं. ओतता तो छोटा आकडा. गळतं ते व्याज."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग माझ्या नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची स्कूटर विकली, होतं नव्हतं ते घातलं आणि मोठा आकडा, म्हणजे सगळी बाकी, भरून टाकला.

कलम चार. पोस्टात साठ हजार आहेत. ते मुलाला, पण अट आहे. आता तुझ्याशीच बोलते. गेल्या मंगळवारी जुन्या बर्नरच्या खोक्यात तीन पाकिटं सापडली. बँकेची, तुझ्या नावाची, न उघडलेली. विचारलं तर म्हणालास, "आई, तुला नाही कळायचं त्यातलं." शब्द बापाचे, आवाजही बापाचाच. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला, एवढे उपकार मान.

सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं. आत्ता तूच वाचून दाखवलंस.

पाकिटं दुकानाच्या खणात आहेत. मी फोडलेली नाहीत. सकाळी सूनबाईला एक किल्ली दिली, ती याच खणाची. हा कागद बाजूला ठेव आणि पाकिटं फोड. छोटा आकडा सोड, मोठा वाच, मोठ्यानं. रडायचं नाही, लोक काय म्हणतील हे म्हणायचं नाही. अडलास तर "कळलं नाही" म्हण, बँकेतल्या कारकुनाला मुद्दाम बोलावलंय, तो शेजारीच बसला आहे. मग साठ हजार आधी कुठे भरायचे ते तू आणि सूनबाई मिळून ठरवा. न फोडता उठलास तर साठ हजारही सुनेचे. मी जगले तरी हे कलम गुरुवारपासून लागू.

साक्षीदार एक: बँकेतला कारकून.
साक्षीदार दोन: कोपऱ्यावरचा औषधवाला. महिन्याची पट्टी दोन महिने पुरते हे त्याला दिसत होतं.
तेव्हा दोघंही गप्प बसले, म्हणून आता दोघांकडूनच सही घेतली आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवारऐवजी रविवार लिहिलं होतं, खोडलं. सोमवार.
सही माझी आहे, अंगठा नाही.